कोसळता कोसळता पाठवलेला एक बाइट

एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन्स चालू असतात. त्यातलं एखादं अचानक गप्प झालं की होस्टला, म्हणजे ती चालवणाऱ्या सर्व्हरला, कळेनासं होतं: आत काम संपलंय, नेटवर्क तुटलंय, की ऑपरेटिंग सिस्टिमच कोसळलीय? प्रोसेसरकडे पाहूनही उलगडा होत नाही. लिनक्सचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, ‘पॅनिक’ झाला, म्हणजे कोसळला, आणि त्याला रीबूट व्हायला सांगितलेलं नसलं, तर तो एका प्रोसेसरवर रिकाम्या फेऱ्या मारत बसतो. बाहेरून वाटतं, गडी कामात बुडालाय!

मग गेस्टनेच, म्हणजे मशीनच्या आतल्या सिस्टिमनेच, सांगावं, हे उत्तम. पण सांगणार कसं? त्या क्षणी मेमरीचा भरवसा नसतो आणि डिस्कचा ड्रायव्हरच कदाचित गुन्हेगार असतो. म्हणून निरोप जवळजवळ काहीच न लागणारा हवा.

व्हर्च्युअल मशीन्स चालवणाऱ्या क्यूईएमयू या सॉफ्टवेअरमध्ये २०१३ साली आलेलं ‘पीव्हीपॅनिक’ हे आभासी उपकरण मला म्हणूनच फार आवडतं. त्याच्याकडे आहे काय, तर हेक्साडेसिमल ५०५ क्रमांकाचा एक पोर्ट. कर्नल सुरुवातीलाच तो वाचून होस्टला कोणते इशारे समजतात ते पाहून ठेवतो. पॅनिक झाला की त्यावर १ लिहितो. एक सूचना, एक बाइट. गेस्टने या पोर्टला हात लावताच प्रोसेसर त्याला थांबवून ताबा होस्टवरच्या हायपरव्हायझरकडे, म्हणजे मशीन्सवर नियंत्रण ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, देतो, म्हणजे निरोप पोचलाच. पुढे मशीन बंद करायचं, पुन्हा सुरू करायचं की आधी त्याची मेमरी फाइलमध्ये उतरवून घ्यायची, हे लिबव्हर्ट या व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच ठरवून ठेवता येतं.

मायक्रोसॉफ्टचा हायपरव्हायझर हायपर-व्ही जास्त तपशील घेतो. तिथे क्रॅशसाठी पाच रजिस्टर असतात. विंडोज त्यांत निळ्या पडद्यावरचा एररकोड आणि त्याची चार मूल्यं भरतं आणि सहाव्या, नियंत्रण रजिस्टरमध्ये लिहून होस्टला हाक देतं.

पीव्हीपॅनिकमध्ये नंतर आलेला दुसरा बिट तर खास अनुभवातून आलेला. लिनक्समध्ये केडंप लावलेलं असेल तर राखीव मेमरीतला दुसरा कर्नल जागा होतो आणि कोसळलेल्याची मेमरी जतन करतो. होस्टने घाईने मशीन रीस्टार्ट केलं, तर तो पुरावाच पुसला जाईल. म्हणून अशा वेळी पोर्टवर १ ऐवजी २, म्हणजे हा दुसरा बिट, लिहायचा: कोसळलोय, पण माझं मी पाहतोय, हात लावू नका.

अर्थात, आपण कोसळलोय हे कर्नलला कळलं तरच हे सगळं. तो नुसताच गोठला तर पोर्टवर कोण लिहिणार? त्यासाठी आभासी वॉचडॉग वेगळा जोडावा लागतो. गेस्टने ठरावीक वेळात त्याचा टायमर पुन्हा सुरू केला नाही, तर होस्ट न विचारता कारवाई करतो.