ओठ आधीं, शब्द मागाहून

गेल्या हिंवाळ्यांत एक पालक आम्हांकडे एक जुनी व्हिडिओ-फीत व एक पेन ड्राइव्ह घेऊन आले. १९९६ सालच्या एका शालेय स्नेहसंमेलनाची ती फीत होती. त्या संमेलनांत त्यांच्या वडील बंधूंनीं एका नाटुकल्यांत काम केलें होतें. पुढें ते बंधु अल्पवयांतच निवर्तले. घरीं त्यांचीं छायाचित्रें पुष्कळ आहेत. परंतु त्यांचा आवाज काय तो त्या एका फितींतच उरला आहे. वृद्ध मातोश्रींस तो ऐकवावा, या हेतूनें ह्या गृहस्थांनीं एका दुकानांतून त्या फितीची संगणकीय फाईल करून घेतली. पण ती लावून पाहतां भलताच प्रकार दिसला. मुलाचे ओठ आधीं हालत, व शब्द मागाहून येत. "गुरुजी, आईनें क्षणभर पाहिलें आणि तोंड फिरवलें. म्हणाली, हा माझा बाळ बोलत नाहीं, मागून दुसरेंच कोणी बोलतें आहे," असें सांगून, आतां ही फीत टाकूनच द्यावी काय, असें ते विचारूं लागले. आम्हीं प्रथम ती फीत त्यांच्या हातून काढून घेतली, व मग बोलावयास बसलों.

आजकाल घरोघरीं चित्रें घेणारा फोन आहे. संमेलनें, लग्नें, बारशीं, सिद्धेश्वराची यात्रा, सारें कांहीं फाईलींत सांठविलें जातें. परंतु ती फाईल उघडली नाहीं, चित्र फाटलें, अथवा आवाज सरकला, म्हणजे आपण गोंधळून जातों. आणि गोंधळांत मनुष्य हातची चीज गमावून बसतो. म्हणून या विषयाची थोडी फोड करावी असें आम्ही योजिलें आहे.

वस्तुतः आपणां सोलापूरकरांस संकेतांत बांधलेलें चित्र ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. आपल्या जॅकार्ड चादरीवरील मोर किंवा फूल प्रथम बारीक चौकटींच्या कागदावर रेखाटतात. एक एक चौकट म्हणजे धाग्याची एक एक जागा. मग त्यावरून पुठ्ठ्यांस छिद्रें पाडतात. जेथें छिद्र तेथें ताण्याचा धागा वर उचलला जातो; जेथें छिद्र नाहीं तेथें तो खालींच राहतो. पुठ्ठ्यावर कोठेंही मोर नसतो. असते ती केवळ छिद्र आहे कीं नाहीं एवढीच खूण. फ्रान्सांतील ल्यों शहराच्या जॅकार्डनें १८०४ च्या सुमारास प्रचारांत आणलेली ही युक्ति, आणि व्हिडिओच्या फाईलींतील एक व शून्य यांची मांडणी, हीं एकाच कुळांतलीं आहेत. आतां एका मागाचे पुठ्ठे भलत्याच मागावर चढविले तर मोराचें काय होईल? तेंच फाईलीचा संकेत न जाणणाऱ्या यंत्रावर ती लावली असतां होतें.

येथें एक भेद नीट ध्यानांत ठेवावा. फाईलीच्या नांवाच्या शेवटीं एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय अशीं अक्षरें असतात, तीं केवळ पेटीचीं नांवें होत. पेटीच्या आंत चित्र कोणत्या संकेतानें बांधलें आहे, ही गोष्ट निराळी. त्या संकेतपद्धतीस कोडेक म्हणतात. २००३ सालीं निघालेला एच.२६४, २०१३ सालचा एच.२६५, व २०१८ सालचा एव्ही१ हे त्यांपैकीं प्रमुख होत. म्हणून फाईल उघडत नाहीं असें दिसतांच नांवाचीं अक्षरें बदलूं नयेत. पेटीवरची चिठ्ठी बदलल्यानें आंतील ज्वारीचा गहूं होत नाहीं. मीडियाइन्फो नांवाची विनामूल्य प्रणाली पेटींत काय आहे तें सांगते. प्रथम तिला विचारावें. कोडेक आपल्या यंत्रास मानवणारा असून केवळ पेटीच गैरसोयीची असेल, तर एफएफएमपेगसारख्या साधनानें चित्र व ध्वनि जसेच्या तसे उचलून दुसऱ्या पेटींत ठेवितां येतात. त्यास फार वेळ लागत नाहीं, व चित्राचा एक कणही बिघडत नाहीं. कोडेकच न मानवणारा असेल, तरच फाईल नव्यानें संकेतबद्ध करावी.

चित्र एवढें दाबून कां भरावें लागतें, हें विद्यार्थ्यांनीं गणित करून पाहावें. जुन्या दूरदर्शन-पद्धतीचें चित्र संगणकांत घेतलें म्हणजे तें ७२० गुणिले ५७६ बिंदूंचें होतें, व सेकंदास अशीं २५ चित्रें येतात. बिंदूस दोन बाइट धरले तर एका चित्रास ८,२९,४४० बाइट, एका सेकंदास २,०७,३६,००० बाइट, आणि तासास सुमारें ७५ गिगाबाइट होतात. तोच तासाभराचा कार्यक्रम एच.२६४ नें सेकंदास २० लक्ष बिट या मानानें बांधला तर चित्राचा भार एका गिगाबाइटच्याही आंत बसतो. ही काटकसर साधते कशी? रंगमंचावरील पडदा हालत नाहीं, हालतो तो नट. म्हणून कांहीं अंतरावर एक मुख्य चित्र पूर्ण लिहावयाचें, व मधल्या चित्रांत केवळ काय बदललें तेवढेंच नोंदवावयाचें. यावरून चौकडीचौकडीचे डाग कां पडतात तेंही उमगतें. मधली एखादी नोंद बिघडली कीं पुढील सर्व नोंदी त्या चुकीवरच रचल्या जातात, आणि दुसरें मुख्य चित्र येईपर्यंत डाग हटत नाहींत. असे डाग दिसतांच मूळ कार्डावरून फाईलीची पुन्हां नक्कल करून पाहावी. दोष पुष्कळदां नकलेंत असतो, मुळांत नसतो.

जुन्या फितींच्या बाबतींत आणखी दोन अडचणी येतात. पहिली अशी कीं, धांवणाऱ्या मुलाच्या हातापायांच्या कडांस फणीसारखे दांते दिसतात. जुन्या पद्धतींत प्रत्येक चित्र दोन हप्त्यांनीं येई: एकदां विषम ओळी, व सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर सम ओळी. जुन्या कांचेच्या पडद्यावर तें खपून जाई; संगणक मात्र दोन्ही हप्ते एकदम दाखवितो, आणि तेवढ्यांत मूल पुढें गेलेलें असतें. यावर उपाय म्हणजे रूपांतर करितांना ओळी विलग करणारी योजना, जिला डीइंटरलेस म्हणतात, ती लावणें. मात्र हें काम चित्राची उंची कमीअधिक करण्यापूर्वीं करावें. नंतर केल्यास ओळी एकमेकींत मिसळतात व दांते कायमचे राहतात. तसेंच ओळींचा क्रम उलटा सांगितला गेला, तर हालचाल एक पाऊल पुढें व एक पाऊल मागें अशी थरथरते. तेव्हां क्रम बदलून पाहावा.

दुसरी अडचण म्हणजे माणसें अकारण लठ्ठ दिसणें. जुनें चित्र रुंदीस चार व उंचीस तीन या प्रमाणाचें असतें. आजचे पडदे सोळास नऊ या प्रमाणाचे आहेत. पडदा भरावा या हौसेनें चित्र ताणलें कीं सडपातळ शिक्षकही पैलवान दिसूं लागतात. दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहूं द्याव्या. त्यांत कांहीं उणेपणा नाहीं.

आतां आवाजाकडे वळूं. आवाज सरकला, एवढें म्हणून भागत नाहीं. वैद्य जसा ताप रोज येतो कीं एकाआड येतो हें विचारतो, तसें येथेंही विचारावें लागतें. आरंभीं, मध्यें व शेवटीं अशा तीन ठिकाणीं अंतर मोजावें. टाळी किंवा लेझीमेचा ठोका यास फार सोयीचा. सर्वत्र अंतर सारखेंच असेल, तर संबंध ध्वनि तेवढा मागें किंवा पुढें सरकविला कीं काम झालें. अंतर समप्रमाणांत वाढत जात असेल, तर चित्रांचा वेग चुकीचा धरला गेला आहे. सेकंदास २९.९७ चित्रें असतां ३० मानलीं, तर हजारांत एक एवढा फरक पडतो, आणि तासाअखेर तो ३.६ सेकंद होतो. फोनवर घेतलेल्या चित्रांत आणखी एक खोंच आहे. उजेड कमी झाला कीं पुष्कळ फोन चित्रांचा वेग आपण होऊन बदलतात. संकलनाच्या कांहीं प्रणालींस हें उमगत नाहीं. म्हणून अशी फाईल प्रथम स्थिर वेगाची करून घ्यावी व मगच कापाकापी करावी.

आमच्या पाहुण्यांच्या फाईलींत मात्र निराळीच लक्षणें होतीं. आरंभींच्या लेझीमींत अंतर मुळींच नव्हतें. अकराव्या मिनिटानंतर एकाएकीं १.२ सेकंद अंतर पडलें व तेंच टिकून राहिलें. पुढें नाटुकलें सुरू होण्याच्या जरा आधीं तें एकदम ३ सेकंद झालें. वाढ चढणीसारखी नसून पायऱ्यांसारखी होती. मग आम्हीं चित्रें मोजविलीं. ध्वनि बरोबर ४५ मिनिटांचा होता. तेव्हां चित्रें ६७,५०० असावयास हवीं. भरलीं ६७,४२५. पंचाहत्तर चित्रें गळालीं होतीं, आणि ७५ भागिले २५ म्हणजे नेमके ३ सेकंद! फीत दोन ठिकाणीं चुरगळली होती. तेथें संकेत अडखळला, संगणकानें कांहीं चित्रें सोडून दिलीं, ध्वनि मात्र अखंड घेतला. चित्र आंखूड झालें, म्हणून ओठ पुढें धांवले. सर्व ध्वनि ३ सेकंद अलीकडे ओढला असता तर नाटुकलें जमलें असतें, पण लेझीम बिघडली असती. रोग कळल्यावांचून दिलेलें औषध असेंच एका अंगास लागतें व दुसऱ्यास बाधतें.

खरा उपाय एकच होता: फीत पुन्हां उतरविणें. एका जाणत्या कारागिराकडून फीत लावण्याचें यंत्र उघडून त्याचें शिर स्वच्छ करविलें. फीत एकदां शेवटपर्यंत पुढें व पुन्हां मागें गुंडाळली. यंत्र व संगणक यांच्यामध्यें अडखळणारा संकेत सांवरून धरणारें कालदुरुस्तीचें उपकरण जोडलें, व या वेळीं गळालेल्या चित्रांच्या गणतीवर आरंभापासून नजर ठेविली. गणति शून्यावरच राहिली. चुरगळलेल्या जागीं क्षणभर पांढऱ्या रेघा येतात, त्या तशाच आहेत. तें जें गेलें तें गेलें. तेथें बनावट चित्र भरावें असें आम्हांस वाटलें नाहीं.

नव्या पिढीच्या फाईलींसही अपमृत्यु आहेत. चित्रण चालू असतां फोनची बॅटरी संपली, तर एमपी४ फाईल पुष्कळदां उघडतच नाहीं. कारण तिची अनुक्रमणिका सामान्यतः शेवटीं लिहिली जाते, व ती लिहावयाची राहून गेलेली असते. आंतील मजकूर बहुधा शाबूत असतो. अशी फाईल पुसूं नये. त्याच फोननें त्याच योजनेवर घेतलेली दुसरी धडकी फाईल नमुन्यादाखल दिली, तर कांहीं प्रणाली तीवरून हरवलेली अनुक्रमणिका पुन्हां रचूं शकतात. दुसरें असें कीं, मोठी फाईल पेन ड्राइव्हवर जाईना, तर जागा नाहीं असें समजूं नका. फॅट३२ या रीतीनें आंखलेल्या पेन ड्राइव्हवर ४ गिगाबाइटहून मोठी एक फाईल मावतच नाहीं. त्यांतील सामान दुसरीकडे हलवून तो एक्सफॅट रीतीनें पुन्हां आंखावा.

आणि सर्वांत मोठा चोर तर आपण स्वतःच घरांत घेतों. प्रत्येक वेळीं नव्यानें दाबून बांधलें कीं चित्राचा कांहीं अंश जातो, व तो परत येत नाहीं. नकलेची नक्कल, तिचीही नक्कल, असें करतां करतां चेहऱ्याचा पुसट डाग होतो. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमींच्या रीतीनें धाडला तर तो पुन्हां दाबला जातो; दस्तऐवज म्हणून धाडला तर जसाच्या तसा पोंचतो. पालकांनीं हें विशेषेंकरून ध्यानांत ठेवावें, कारण फोनमधील मूळ पुसून टाकून आलेली नक्कलच जपणारीं घरें थोडीं नाहींत.

मूळ जपण्याचें मोल महाराष्ट्रानें फार महाग देऊन जाणलें आहे. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. तरीही जानेवारी २००३ मध्यें पुण्यांतच लागलेल्या आगींत ज्वालाग्राही नायट्रेटवरील जुन्या चित्रपटांच्या फिती भस्म झाल्या, व प्रभातच्या मूळ फितीही त्यांत गेल्या. ज्यांच्या नकला अन्यत्र होत्या ते चित्रपट आपण आजही पाहतों. म्हणून मूळ फाईल, तिची घरांतील एक नक्कल, व दुसऱ्या गांवीं नातलगांकडे एक नक्कल, अशी त्रिविध तजवीज प्रत्येक घरानें करावी. आणि वर्षांतून एकदां, दिवाळीची झाडलोट करितांना म्हणा, त्या उघडून पाहाव्या.

नवी फाईल घेऊन ते पालक घरीं गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं ते पुन्हां आले. मातोश्रींनीं नाटुकलें तीन वेळां लावावयास सांगितलें म्हणे. पहिल्या वेळीं त्या कांहींच बोलल्या नाहींत. दुसऱ्या वेळीं मुलाबरोबर त्याचींच वाक्यें हलक्या आवाजांत म्हणूं लागल्या. त्या काळीं पाठ त्यांनींच करवून घेतला होता. "गुरुजी," ते म्हणाले, "एके ठिकाणीं दादा वाक्य विसरून थांबतो. आईनें तेथें पुढचा शब्द सांगितला, आणि लगेच तो बोलला." एवढें सांगून ते थांबले, व जुनी फीत कोरड्या जागीं ठेवावयास एखादी डबी मिळेल काय, असें त्यांनीं विचारलें.