गोवळकोंड्यातील संचलन

हैदराबादेत स्वातंत्र्यदिनाचे संचलन पाहावयाचे, तर पूर्वी सिकंदराबादच्या परेड ग्राउंडवर जावे लागे. २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि त्याच वर्षापासून हा समारंभ गोवळकोंड्याच्या किल्ल्यात होऊ लागला. जागा उत्तम निवडली. फतेह दरवाजातील टाळीचा आवाज वर बालाहिसारपर्यंत पोचतो, ही गंमत शाळेच्या सहलीत प्रत्येक मुलाने अनुभवलेली असते. परंतु १६७७ मध्ये शिवछत्रपती ज्या कुतुबशहाच्या भेटीस आले, त्याचाच हा किल्ला, आणि दहा वर्षांनी औरंगजेबाने तो घेऊन ती राजवट संपविली, हे मात्र मराठी घरांतील मुलांनाही सांगावे लागते.

२०२२ साली शाळेतील ध्वजवंदन सकाळी लवकर आटोपून आम्ही सहकुटुंब तेथे गेलो. बरोबर शहाऐंशी वर्षांच्या आमच्या आत्याबाई होत्या. "आत्या, टीव्हीवर पाहा की," असे सौ.ने परोपरीने विनविले. "दिल्लीचे टीव्हीवर पाहीन. हे आपल्या गावचे आहे," एवढेच त्या म्हणाल्या आणि काठी घेऊन पुढे निघाल्या.

राज्यात या दिवशी मुख्यमंत्र्यांनी ध्वजारोहण करण्याची प्रथा १९७४ पासूनची. तत्पूर्वी हा मान राज्यपालांचा असे. पंधरा ऑगस्टला ध्वज खालून दोरीने वर चढवितात, तर सव्वीस जानेवारीला तो वर बांधलेलाच असतो व केवळ उलगडावयाचा असतो. हा भेद सुशिक्षितांच्याही ध्यानात नसतो, म्हणून मुद्दाम सांगितला. मग पोलिसांच्या तुकड्या पावले मिळवीत गेल्या. पाठोपाठ ओग्गू डोलूचे ढोल दुमदुमले आणि मोरपिसांचे भरगच्च मुकुट घातलेले गुसाडी नर्तक आले. आमच्या चिरंजीवांना संचलनापेक्षा ते मुकुटच अधिक भावले, हे ओघानेच आले.

"आत्याआजी, आज पंचाहत्तर वर्षे झाली!" आठवीतले चिरंजीव म्हणाले.

"तुमची झाली. आमची व्हायला अजून तेरा महिने आहेत."

मुलगा गोंधळला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण निजाम मीर उस्मान अली खान भारतात सामील झाले नाहीत. मराठवाडा त्यांच्याच राज्यात. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालला, रझाकारांचे अत्याचार वाढले, आणि १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरल्यावर १७ तारखेला निजामांनी शरणागती पत्करली. या दिवसाला कोणी मुक्तिदिन म्हणतात, कोणी एकता दिन. २०२२ मध्ये तर याच शहरात केंद्राने एक नाव दिले आणि राज्याने दुसरे. आत्याबाईंना त्या वादाशी कर्तव्य नव्हते.

त्यांचे माहेर परभणी जिल्ह्यात. तिरंगा जवळ सापडला तर तुरुंग, अशा त्या दिवसांत त्यांच्या आईने घरातला झेंडा जोंधळ्याच्या कणगीत तळाशी पुरून ठेवला होता. त्यावर चक्र नव्हते, चरखा होता. पुढे लष्कर आल्याची वार्ता गावात पोचली, तेव्हा कणगी उपसली.

"मग लावला झेंडा?" चिरंजीवांनी विचारले.

"उंदरांनी हिरवी पट्टी कुरतडली होती. आईने आपल्या लुगड्याचा पदर फाडून ठिगळ लावले. सुईत दोरा मीच ओवून दिला. हिरवा रंग काही जुळला नाही."