नट आवळला की गळती थांबते का?

जुन्या जीपच्या मागच्या चाकाशी, आतल्या बाजूला, फरशीवर तळव्याएवढा ओला डाग दिसला. बोटावर घेतलं तर पातळ, किंचित पिवळसर. पाण्याच्या शिंतोड्यासरशी धुऊन गेलं, तवंग उरला नाही. म्हणजे ते इंजिनचं किंवा गिअरचं तेल नव्हतं, ब्रेक ऑइल होतं. नावात ऑइल असलं तरी डॉट ३ आणि डॉट ४ ही ग्लायकॉलच्या कुळातली द्रव्यं आहेत आणि ती पाण्यात सहज मिसळतात. त्यामुळे डाग कशाचा आहे हे ओळखायला ही परीक्षा पुरेशी ठरते.

पुढचा प्रश्न, गळतंय कुठून? इथेच पहिला गैरसमज आडवा येतो : जिथून थेंब पडतो तिथेच गळती. ब्रेक ऑइल पाइपच्या अंगाने ओघळत सगळ्यात खालच्या जागी येतं आणि तिथून ठिबकतं. माझ्या जीपमध्ये थेंब पडत होता चाकाच्या ड्रमजवळ, आणि गळत होता वरचा, ॲक्सलवरचा टी-जोड. तो सापडला तो असा. सगळे जोड ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडे केले, प्रत्येक नटाभोवती टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळली, आणि एकाला पेडल मिनिटभर जोरात दाबून धरायला सांगितलं. सगळ्यात वरची जी पट्टी ओली झाली, तो आपला गुन्हेगार. गाडी नुसती उभी असताना हे कळतंच असं नाही, कारण काही जोड फक्त दाबाखाली गळतात.

आता मुख्य गैरसमज. जवळजवळ प्रत्येक गॅरेजात हा सल्ला मिळतो : ‘अजून अर्धा फेर आवळ, थांबेल.’ हा सल्ला लोकांना खरा वाटतो, कारण ऑइल आट्यांतून बाहेर येताना दिसतं. पण ब्रेकच्या जोडात आटे गळती अडवत नाहीत. पाइपचं तोंड कर्ण्यासारखं पसरवलेलं असतं, त्याला फ्लेअर म्हणतात. जोडाच्या आत शंकूच्या आकाराची सीट असते. फ्लेअर त्या सीटवर घट्ट बसला की वाट बंद होते. नटाचं काम फ्लेअरला सीटवर दाबून धरायचं, एवढंच. तिथे केसाएवढी फट राहिली की ऑइल नटाच्या आट्यांतून आणि नट व पाइप यांच्यामधून वाट काढतं, म्हणून आपल्याला वाटतं आटे ढिले आहेत.

नट खरोखरच ढिला असेल तर तो आवळल्यावर गळती थांबते, हे खरं. पण बेताचा आवळलेला नट गळत असेल, तर आणखी जोर लावल्याने फ्लेअर चेपतो, चिरतो, पितळी सीटवर कायमचा खड्डा पडतो आणि आटे जातात. नेहमीच्या ४.७५ मिलिमीटर पाइपच्या नटाला साधारण १५ न्यूटन मीटर पुरतात. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे १० किलोचा जोर. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. आणि पाना साधा फिक्स नको. एका बाजूने चिरलेला, पाइपवरून सरकवता येणारा फ्लेअर नटचा रिंग पाना घ्या. साध्या पान्याने मऊ नट दोनदा घसरला की त्याचे कोपरे गोल होतात.

गळका जोड खोला आणि टॉर्चच्या उजेडात फ्लेअर बघा. सीटचा ठसा त्यावर सलग, सगळीकडे सारखा उमटलेला हवा. माझ्या पाइपवर तो एका बाजूला ठळक होता आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नव्हताच. कुणीतरी पाइप हॅकसॉने तिरपा कापून त्यावर फ्लेअर काढला होता. इलाज एकच : पाइप ट्यूब कटरने काटकोनात कापणं, कडेची कूस साफ करणं, नट आधी पाइपवर ओवणं आणि मग दुहेरी फ्लेअर काढणं. कडा आत दुमडलेला दुहेरी फ्लेअर लागतो, एकेरी दाबाखाली चिरतो. सीटच खराब असेल तर काही ठिकाणी ती वेगळी बदलता येते, नाहीतर तो भागच बदलावा लागतो.

काही जण आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळतात. हा उपाय नळाच्या अनुभवातून येतो. गच्चीवरची टाकी १० मीटर उंचावर असेल तर नळाला साधारण १ बार दाब मिळतो. जोरात ब्रेक मारला की ब्रेकच्या नळ्यांत ७० ते १०० बार तयार होतो. शिवाय आटे मुळात गळती अडवतच नाहीत, तर त्यांवर टेप गुंडाळून काय होणार? टेपचे तुकडे सुटून आत गेले तर बारीक छिद्रं मात्र बुजतील. एम-सील आणि तसल्या लेपांनाही ब्रेकच्या पाइपवर जागा नाही.

दुसरा धोका आट्यांच्या मापाचा. विलिस घराण्यातल्या जुन्या जीपला इंची आटे, मारुती ८०० ला मेट्रिक. ३/८ इंची नट म्हणजे ९.५ मिलिमीटर, आणि त्याच्या आट्यांचं अंतर मेट्रिकच्या १ मिलिमीटरच्या इतकं जवळ आहे, की तो १० मिलिमीटरच्या मेट्रिक जोडात बसल्यासारखा वाटतो. तो सैलसर फिरतो, शेवटी आवळलाही जातो, आणि ऐन ब्रेक मारताना आटे सोडू शकतो. जोड बदलताना जुना नट सोबत घेऊन दुकानात जावं.

तांब्याची साधी नळी वाकवायला सोपी म्हणून काही जण बसवतात. ती हादऱ्यांनी कडक होत जाते आणि अखेर चिरते. नळी गंजू नये असं वाटत असेल तर तांबं-निकेलची नळी घ्या, ती याच कामासाठी असते. कोकणातल्या खाऱ्या हवेत हा खर्च वाया जात नाही. तिथे क्लिपांखाली पाइप गंजतो, नट पाइपला धरतो, आणि नट फिरवताना पाइपच पिळला जातो. तसा पाइप वाचवायच्या फंदात पडू नका, अख्खा बदला. होजपाइपच्या टोकाला तांब्याचे वॉशर असतील तर तेही नवे घाला.

राहिला सगळ्यात घातक समज : ‘थोडंच गळतंय, वरून टाकत राहायचं.’ लायनर झिजल्यानेही पातळी हळूहळू उतरते, पण डाग दिसल्यावर ती सबब उरत नाही. जुन्या अनेक गाड्यांत चारही चाकांना एकच सर्किट असतं. एक जोड सुटला की चारही ब्रेक जातात. वर्षभर उघड्या राहिलेल्या बाटलीतलं ऑइल तर टाकूच नका. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, हवेतलं पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. इंजिन ऑइल टाकलं तर रबराचे सगळे कप फुगतात.

जोड दुरुस्त झाला की चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढा, मग इंजिन बंद ठेवून पेडल दाबून मिनिटभर धरा. पेडल पायाखाली हळूहळू खाली जात असेल, तर गाडी चालवत गॅरेजात नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी टो करून न्या.