पोटातील कळा आणि बाजारातील पुड्या

गेल्या पावसाळ्यात पंचेचाळिशीचे एक शेतकरी पोट धरूनच दवाखान्यात आले. पोटात पीळ पडल्यासारख्या कळा, चार-चार दिवस शौचास नाही, अंगात त्राण नाही. चेहरा फिकट, हिमोग्लोबिन ८. मी आम्लपित्ताचे औषध व लोहाच्या गोळ्या दिल्या. दीड महिन्यात दोनदा औषध बदलले. सोनोग्राफी झाली, दुर्बिणीची तपासणीही झाली. काही सापडेना.

चूक माझीच. "आणखी कुठले औषध चालू आहे का?" हा साधा प्रश्न मी विचारलाच नव्हता. विचारला तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "साखरेसाठी पुड्या घेतात ना, डॉक्टरसाहेब. बाजाराच्या दिवशी एक जण बसतो, त्याच्याकडून. जडीबुटीच ती, तिचा काय अपाय?"

रक्तातील शिसे तपासायला पाठवले. १०० मिलिलिटर रक्तात ८२ मायक्रोग्रॅम निघाले! हे प्रमाण ५ किंवा जास्त असेल तर शिसे कुठून येते ते शोधून बंद करा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले आहे.

शिशाचा शरीराला काडीचाही उपयोग नाही. पण आतडे त्याला लोह वा कॅल्शियम समजून आत घेते. ज्याच्या शरीरात या दोन्हींची कमतरता, त्याच्यात ते जास्त शिरते. लहान मुलांत तर फारच. आत गेल्यावर ते रक्तातला लाल रंग तयार होऊ देत नाही. म्हणून माझ्या गोळ्यांनी त्यांचे हिमोग्लोबिन वाढत नव्हते. बाकीचे शिसे हाडांत जाऊन बसते, ते वर्षानुवर्षे. मोठ्यांत पोटशूळ, बद्धकोष्ठ, रक्तदाब, मनगट लुळे पडणे असे प्रकार होतात. मुलांत मात्र बाहेरून काही न दिसता बुद्धीची वाढ खुंटते.

भारतात पेट्रोलमधले शिसे २००० साली बंद झाले, घरगुती रंगांवरही २०१७ पासून मर्यादा आहे. तरी जुन्या बॅटऱ्या घराच्या अंगणात फोडणे, कथिलाऐवजी शिसे मिसळून केलेली कल्हई, पिवळीधमक दिसावी म्हणून रंग मिसळलेली हळद हे चालूच आहे. शेंदरातही शिसे असते. तो देवाला लावावा, मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नये. औषधांचे म्हणाल तर माझे आयुर्वेदाशी भांडण नाही. ज्या पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, तिच्याशी आहे.

शंका आली तर शिरेतून रक्त काढून तपासणी करावी. नमुना बहुधा मोठ्या शहरात जातो, थोडे दिवस लागतात. केस पाठवून 'सर्व धातू व क्षार' तपासून घेण्याच्या जाहिराती येतात. त्या अहवालावर मी कधीच औषध देणार नाही. केसांना बाहेरची धूळ, रंग, शाम्पू सगळेच चिकटते.

शरीर 'शुद्ध' करणारी सलाइनही परस्पर घेऊ नये. शिसे बांधून लघवीवाटे काढणारी औषधे आहेत, पण ती जस्त, तांबे यांनाही ओढून नेतात. अमेरिकेत २००५ साली पाच वर्षांच्या एका मुलाला अशा उपचारात चुकीचे इंजेक्शन दिले गेले. रक्तातले कॅल्शियम एकदम उतरले आणि ते मूल दगावले. हे उपचार रुग्णालयातच, तपासण्या करीत व्हावेत.

पहिले औषध म्हणजे शिसे येण्याची वाट बंद करणे. लोह कमी असेल तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढावे. नाचणी, तीळ, दूध, लिंबू पिळलेली पालेभाजी जेवणात असावी. उपाशीपोटी शिसे जास्त शोषले जाते, म्हणून मुलांना न्याहारी चुकवू देऊ नये. मात्र हाडांत बसलेले शिसे नाचणीने निघत नाही.

आमच्या रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. उपचारानंतर प्रमाण ३८ वर आले, महिन्याने पुन्हा ४९ झाले. हाडांतले शिसे रक्तात उतरते ते असे. सहा महिन्यांनी ते २६ आहे, कळा थांबल्या आहेत. पुडी सुटली, पण मधुमेह गेलेला नाही. त्याची गोळी रोज चालू आहे. उरलेल्या पुड्या त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. त्यांच्या वस्तीत याच पुड्या घेणारे आणखी दोघे निघाले, त्यांचे रक्त परवाच पाठवले आहे.