सीमाभागातील वाचक, रहस्यकथा आणि गुन्ह्यांच्या सत्यकथा

वाङ्मयीन अभिरुचीविषयी मराठीत आजवर जी चर्चा झाली ती बहुतांशी लेखक आणि टीकाकार यांच्यामध्येच झाली. वाचक हा त्या चर्चेचा विषय असला, तरी तिच्यात बोलण्याची पाळी त्याच्यावर क्वचितच आली. रहस्यकथा व गुन्ह्यांच्या सत्यकथा यांच्या बाबतीत तर ही उणीव विशेषच जाणवते. या पुस्तकांना परीक्षणे लाभत नाहीत, पाठ्यक्रमात त्यांना स्थान नाही, आणि शिक्षकवर्ग त्यांचा उल्लेख करतो तो बहुधा मागच्या बाकावरून जप्त केलेली वस्तू म्हणून. बेळगाव, निपाणी आणि त्यांच्या आसपासच्या गावांतील वाचनालयांत बसण्याउठण्याचा प्रसंग आम्हांला अनेक वर्षे येत गेला. तेथे पुस्तक परत करताना माणूस जे दोन शब्द बोलतो ते आम्ही ऐकत आलो. ती मते येथे मांडावी आणि त्यांच्या अनुरोधाने थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या प्रदेशाची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १९४६ साली माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावी भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची मागणी झाली. पुढे दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. या घटनेचे राजकीय परिणाम सर्वश्रुत आहेत. वाचनाच्या दृष्टीने झालेला परिणाम मात्र फारसा कोणी पाहिलेला नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला, परंतु राज्याची हद्द ओलांडून तो येथवर येणे शक्य नव्हते. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. अशा जुन्या संस्थेची गोष्ट निराळी. खेड्यापाड्यांतील व पेठांतील लहान मराठी वाचनालयांची भिस्त मात्र वर्गणीदारावर राहिली. वर्गणीदार जे मागेल ते कपाटात येणार. आणि वर्गणीदाराने सातत्याने जे मागितले ते म्हणजे बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, नारायण धारप, बाबा कदम आणि सुहास शिरवळकर.

एका वाचनालयाच्या चालकांनी (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) अभिरुची सुधारण्याच्या सद्‌हेतूने एकदा रहस्यकथांचे कपाट बंद केले. त्यामुळे वाचक निबंध व चरित्रे यांच्याकडे वळतील अशी त्यांची अपेक्षा होती. वाचक घरी बसले. वर्षाच्या आत कपाटाला लावलेले कुलूप निघाले आणि त्यावर चर्चा न करण्याचे सर्वांनी शहाणपणाने ठरविले.

या भागात असंख्य घरे अशी आहेत की, घरात मराठी आणि शाळेत कन्नड किंवा अलीकडे इंग्रजी. अशा घरातील मूल मराठी उत्तम बोलते, परंतु मराठी पान वाचताना अडखळते. ही अडखळ जावयाची तर पुष्कळ वाचले पाहिजे, आणि पुष्कळ वाचावयाचे तर पुढे काय झाले हे जाणण्याची ओढ पाहिजे. ही ओढ कोणी लावली? कन्नड माध्यमात शिकलेल्या निपाणीकडील एका वयस्क गृहस्थांनी आम्हांस सांगितले की, आपण जोडाक्षरे शिकलो ती झुंजारच्या मागे धावता धावता. मध्ये थांबून अक्षर लावीत बसलो असतो तर झुंजार निसटला असता! हे विधान विनोदाने केलेले असले, तरी ते शब्दशः खरे आहे अशी आमची खात्री आहे. अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय व छोटू ही त्यांची पात्रे ज्यांनी कधी मुंबई पाहिली नाही अशा माणसांच्या ओळखीची झाली. गिरगाव कोठे, मलबार हिल कोठे, हे येथील कित्येकांना प्रथम कळले ते रात्रीच्या अंधारात धावणाऱ्या मोटारींच्या वर्णनांतून. ज्या राज्यात आपण नाही त्या राज्याच्या राजधानीचा भूगोल सीमाभागाने असा शिकला.

आता मतांकडे वळू. ‘वेळ जातो’ एवढेच उत्तर हे वाचक देतील, अशी अभ्यासकांची समजूत असते. वस्तुतः ते पुष्कळ नेमके बोलतात. लेखकाने पुरावा आधी वाचकाच्या डोळ्यांपुढे ठेवला होता की शेवटच्या प्रकरणात खिशातून काढला, याविषयी त्यांचा कटाक्ष मोठा. नवे पात्र शेवटी आणून त्याच्या माथी खून मारणे हा त्यांच्या लेखी विश्वासघात. अर्नाळकरांच्या बाबतीत ते ही कसोटी सैल करतात. तेथे गुन्हा कोणी केला यापेक्षा नायक सुटतो कसा हे पाहावयाचे असते, असे एका शिक्षिकेने आम्हांस समजावून दिले. झुंजार आणि काळा पहाड हे कायद्याच्या चौकटीबाहेरचे वीर आहेत. त्यांची कथा ही वस्तुतः साहसकथा होय. टीकाग्रंथांत हा भेद आम्हांला इतक्या स्वच्छपणे मांडलेला क्वचितच आढळला.

बाबा कदम यांच्याविषयी या भागात एक निराळा जिव्हाळा आहे. ते कोल्हापूरचे, म्हणजे निपाणीच्या वाचकाला शेजारचे. आणि व्यवसायाने पोलीस प्रॉसिक्यूटर. त्यांच्या कादंबरीतील पंचनामा, जबानी, जामीन ही सारी जागच्या जागी असतात, असे कोर्टाच्या पायऱ्या झिजविलेला वाचक सांगतो. शेताच्या बांधावरून दिवाणी दावा लढलेल्या माणसाने दिलेले हे प्रशस्तिपत्र आहे, हे विसरू नये. त्याच माणसाने एका दुसऱ्या लेखकाची कादंबरी अर्ध्यावर परत केली, कारण तीत फौजदारानेच जामीन नामंजूर केला आणि कोर्टाचे नावही निघाले नाही! आपण ज्याला वास्तवाची चाड म्हणतो ती याहून वेगळी काय असते?

या ठिकाणी एका परदेशी प्रसंगाचे स्मरण होते. एडमंड विल्सन या अमेरिकन टीकाकाराने १९४४ साली ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात, लोक रहस्यकथा का वाचतात हे आपल्याला उमगत नाही, अशा अर्थाचा लेख लिहिला. त्यावर वाचकांच्या पत्रांचा वर्षाव झाला. आपण चुकीची पुस्तके वाचली, ही वाचून पाहा, असे त्यांनी कळविले. विल्सनने सुचविलेली काही पुस्तके वाचली आणि १९४५ च्या आरंभी पहिल्याहून कडक असा दुसरा लेख लिहिला. अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ मधील कादंबरीतील ॲक्रॉइडला कोणी मारले याची पर्वा कोणाला आहे, असा त्याच्या शीर्षकाचाच रोख होता. विल्सनची रसिकता निर्विवाद होती. तथापि पर्वा कोणाला आहे, याचे उत्तर त्याच्या टेबलावर पत्रांच्या रूपाने पडलेले होते, आणि ते त्याने उत्तर म्हणून वाचले नाही असे आम्हांस वाटते.

येथवर कल्पित गुन्ह्यांविषयी झाले. गुन्ह्यांच्या सत्यकथांचा विषय निराळा असून वाचकही त्याविषयी निराळ्या सुरात बोलतात. (नावांचा एक घोटाळा येथे गमतीचा आहे. मराठीत ‘सत्यकथा’ म्हटले की १९८२ पर्यंत चाललेले मौजेचे मासिक आठवते, जे नवकथेचे माहेरघर होते. आणि बसस्थानकावरील विक्रेत्याला मात्र त्या नावाने खुनाच्या हकीकती छापणारे अलाहाबादचे हिंदी मासिक आठवे. ‘सत्यकथा’ मागवून भलताच अंक हाती आल्याची तक्रार आम्ही दोन्ही बाजूंच्या वाचकांकडून ऐकली आहे.)

पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांडाची हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९७६ च्या जानेवारीपासून १९७७ च्या मार्चपर्यंत दहा माणसे मारली गेली. मारेकरी तरुण विद्यार्थी होते. त्यांपैकी चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. त्यांतील मुनव्वर शाह याने तुरुंगात लिहिलेले ‘येस, आय ॲम गिल्टी’ हे आत्मकथन या भागातही पुष्कळ वाचले गेले. त्याविषयी आम्ही ऐकलेली मते परस्परविरुद्ध आहेत. काही शिक्षकांनी ते पुस्तक वरच्या वर्गातील मुलांना मुद्दाम वाचावयास दिले. संगत आणि सहज मिळणारा पैसा माणसाला पायरीपायरीने कोठे नेतो, हे त्यातून कळते असे त्यांचे म्हणणे. याच्या उलट बेळगावातील एका वृद्ध वाचक बाईंनी ते वाचून परत करताना विचारले, ‘मारणाऱ्याने लिहिले ते छापले, आम्ही वाचले. मेले त्यांचे कोण लिहिणार?’ या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. गुन्ह्यांच्या सत्यकथांविषयी जे जे लिहिले गेले आहे त्यात या प्रश्नाच्या पलीकडे जाणारे आम्हांला फारसे काही दिसले नाही.

दुसरे एक मत निपाणीच्या बाजूस ऐकू आले. कोल्हापूर परिसरातील बालकांच्या अपहरण-हत्यांचे प्रकरण १९९६ मध्ये उघडकीस आले, तेव्हा वृत्तपत्रे आणि साप्ताहिके यांचे रकाने त्याने भरले. बाजारासाठी, दवाखान्यासाठी, देवीच्या दर्शनासाठी कोल्हापूरला नित्य जाणाऱ्या येथील माणसांना ती हकीकत परक्या गावची वाटली नाही. स्त्रिया मुलांचा हात घट्ट धरून बसस्थानकात उभ्या राहू लागल्या. त्या दिवसांविषयी एक वाचक म्हणाले, ‘तेव्हापासून मी खऱ्या गुन्ह्यांचे पुस्तक उघडलेले नाही, गोष्टीतला खून वाचतो.’ या प्रकरणात सत्र न्यायालयाची शिक्षा २००१ मध्ये झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती २००६ मध्ये कायम केली, आणि दयेच्या अर्जांना झालेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये फाशीऐवजी जन्मठेप दिली. म्हणजे उघडकीस आल्यापासून पंचवीस वर्षांहून अधिक काळ. रहस्यकथा शंभर-सव्वाशे पानांत गुन्हेगाराला पकडून देते आणि वाचक दिवा मालवून झोपी जातो. सत्यकथेला असा शेवट नसतो. लेखक पुस्तक संपवितो, प्रकरण संपत नाही. ‘गोष्टीतला खून वाचतो’ या वाक्यात हा सारा भेद आला आहे.

बेळगावच्या वाचकाच्या मनोवृत्तीत आणखी एक विशेष आहे. त्याच्या शहरालगत हिंडलग्याचा तुरुंग आहे. तेथे खुनी ठेवले गेले, तसेच १९५० साली सावरकरही तेथे होते, आणि सीमालढ्यातील सत्याग्रहींनाही त्या भिंतींची ओळख झाली. ज्याच्या घरातील काका किंवा आजोबा तुरुंगात जाऊन आले तो वाचक ‘कैदी’ हा शब्द वाचून लगेच तोंड फिरवीत नाही. काळा पहाडासारख्या कायद्याबाहेरच्या नायकाविषयीचा जिव्हाळा येथे थोडा अधिक असेल, तर त्याचे एक कारण हेही असावे. हा आमचा तर्क आहे. त्याला वाचकांच्या बोलण्यापलीकडे आधार नाही.

अशा पुस्तकांनी मुले बिघडतात काय, हा शिक्षकांचा नित्याचा प्रश्न. त्याचे एक उत्तर न्यायालयातून आलेले आहे. चंद्रकांत काकोडकर यांची ‘शामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला झाला, १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना दोषमुक्त केले. कथा वाङ्मय म्हणून उणी ठरली तरी तेवढ्याने ती अपराध ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय. खटला अश्लीलतेचा होता, हिंसेचा नव्हे. परंतु वाङ्मयीन उणेपणा आणि नैतिक अपाय या दोन गोष्टींची गल्लत आपण शिक्षक मंडळी करतो, ती त्या न्यायमूर्तींनी केली नाही.

या वाचनातून पुढे कोणी कोठे गेले? काही जण तेथेच राहिले, हे मान्य केले पाहिजे. चाळीस वर्षे एकाच प्रकारची पुस्तके नेणारे वर्गणीदार आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांचा आनंद कमी झालेला दिसला नाही. काही जण कोवाडच्या रणजित देसाईंच्या ‘स्वामी’कडे गेले. काही जण महादेव मोरे यांच्याकडे गेले. मोरे निपाणीचे. पिठाची गिरणी चालविता चालविता त्यांनी मोटारवाल्यांचे, तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायांचे जग मराठीत आणले. त्यांच्या कथेतील माणूस गुन्हा करतो तेव्हा त्याचे कारण वाचकाला आधीच ठाऊक असते, कारण तो त्याच गल्लीत राहतो. कडोली, उचगाव, कारदगा येथील संमेलनांत जमणाऱ्या श्रोत्यांपैकी कितीकांनी आरंभ झुंजारपासून केला, हे व्यासपीठावरून कोणी विचारीत नाही. मांडवात चहाच्या वेळी विचारावे. उत्तर हसत मिळते.

वाचनालयातील जुन्या रहस्यकथांची एक मोठी तक्रार म्हणजे शेवटचा फर्मा गहाळ असणे. दुसरी तक्रार, आधीच्या वाचकाने पहिल्याच पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवणे. अशी एक जीर्ण प्रत मध्यंतरी आमच्या पाहण्यात आली. पहिल्या पानावर कोणी पेन्सिलीने नाव लिहिले होते. कोणी दुसऱ्याने ते शाईने गिरवून पुसून टाकले होते आणि शेजारी ‘खोटे आहे, पुढे वाचा’ असे बजावले होते. त्याच्या खाली तिसऱ्या हाताची एक ओळ होती. भाषा मराठी, लिपी कन्नड. आम्ही ती ग्रंथपालांकडून वाचून घेतली : ‘दोघेही चुकले. शेवटचे पान फाटले आहे, कोणाकडे असल्यास कळवावे.’