वीकेंड, फक्त दोघांचा!

लाँग ड्राइव्ह म्हटलं की लोणावळा आणि पंचविशीतलं जोडपं, हेच डोळ्यांसमोर येतं ना? माझ्या आई-बाबांनी हा समज चक्क मोडीत काढला. लग्नाला ३३ वर्षं. पण आजवरचे प्रवास कुणाच्या लग्नासाठी, नाहीतर दवाखान्यासाठी. बाबा रिटायर झाले, आम्ही भावंडं पुण्यात आणि नांदेडच्या घरात बोलतो तो फक्त टीव्ही.

दसऱ्यानंतरच्या एका शनिवारी बाबा अचानक म्हणाले, "चल, निघू." ना बुकिंग, ना प्लॅन!

वसमतला दुतर्फा हळदीची हिरवीगार रानं. इथल्या हळदीला २०२४मध्ये जीआय मानांकन मिळालंय. पुढे औंढा नागनाथ, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. संत नामदेवांना देवळामागे कीर्तन करायला लावलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी आख्यायिका. ती ऐकून आई म्हणाली, "अहो, देऊळसुद्धा फिरलं! मला घेऊन फिरायला तुम्हाला ३३ वर्षं लागली."

रात्री हिंगोलीत मुक्काम. रविवारी नरसी, नामदेवांचं जन्मगाव. तिथं कयाधूकाठी बाबा पहिल्यांदा मोकळे झाले. रिटायर झाल्यापासून 'आता घरात आपलं काय काम?' हा प्रश्न त्यांना खात होता. शेजारच्या खोलीत असूनही आईला याचा पत्ता नव्हता!

तेव्हा दोस्तहो, या शरदात आई-बाबांच्या हातात गाडीची किल्ली द्या. आणि हो, दोन दिवस फोन करू नका.