घरच्या घरी मसाला ब्लॅक कॉफी : जायफळ जपून, गूळ बिनधास्त

मराठी घरात कॉफी म्हटली की दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ. मग दूध वगळलं तर तोच मसाला चालेल का? चालेल, पण हात आखडता घ्या. दुधातली स्निग्धता मसाल्याचा तिखटपणा मवाळ करते. काळ्या कॉफीत तो थेट जिभेवर येतो. जायफळ किसणीवर दोनदा फिरवलं की पुरे.

तमिळ घरांतली सुक्कू कापी याच जातीची. सुंठ, धणे, मिरी आणि ताडगूळ. गंमत म्हणजे तिच्यात अनेकदा कॉफी नसतेच! गूळ इथेही बिनधास्त घाला, दूधच नाही तर फाटणार काय?

कपभर पाण्यात २ मिरी, १ ठेचलेली वेलची आणि चिमूटभर सुंठ ३-४ मिनिटं उकळा. गॅस बंद करून मगच दीड चमचा फिल्टर कॉफीची पूड घाला, ४ मिनिटं झाका, गाळा. पूड उकळली तर कडू होते.

पूड घेताना पाकीट उलटं करून वाचा. नियमानुसार मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी, म्हणजे चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. हे एका झाडाचं भाजलेलं मूळ. दुधाच्या कॉफीला ते दाटपणा देतं, काळ्या कॉफीची चव मात्र झाकून टाकतं. घाटकोपर-मुलुंडहून माटुंगा काही लांब नाही. तिथे समोर दळून मिळते, बिनचिकोरीची मागा.

आणि जेवणावर लगेच पिऊ नका. कॉफीमुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं; हिमोग्लोबिन कमी असेल तर तासभर थांबाच.